घरखर्चाची वही : परिभाषा, पद्धती आणि शिल्लक

शासनाच्या वार्षिक आयव्ययाच्या पत्रकास मराठीत दोन शब्द रूढ आहेत : ‘अंदाजपत्रक’ आणि ‘अर्थसंकल्प’. पहिल्यात हिशेबनिसाचा सावधपणा आहे. दुसऱ्यात हातावर पाणी घेऊन सोडावयाच्या संकल्पाची छाया आहे. परंतु घरातील माणसे आपल्या खर्चाविषयी बोलताना ह्या दोहोंपैकी एकही शब्द वापरीत नाहीत. घरात असतो तो ‘महिन्याचा हिशेब’, ‘जमाखर्च’ किंवा ‘घरखर्च’, आणि अलीकडे सरळ ‘बजेट’. हा शेवटचा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि मुळात त्याचा अर्थ चामड्याची लहान पिशवी एवढाच होता. राज्याच्या तिजोरीचा शब्द कमरेच्या पिशवीतून निघावा हा प्रकार आपल्याकडेही घडलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आय, व्यय आणि नीवी ह्या तीन संज्ञा येतात. नीवी म्हणजे खर्च वजा जाता उरलेली शिल्लक. काव्यग्रंथांत मात्र ‘नीवी’ म्हणजे स्त्रीच्या वस्त्राची कमरेची गाठ. मराठीतील ‘कनवट’ आणि हिंदीतील ‘अंटी’ ह्या शब्दांचा व्यवहार ज्याने ऐकला आहे, त्यास हे दोन अर्थ परस्परांपासून फार दूर वाटणार नाहीत. ‘पदरमोड’, ‘पदराला खार लागणे’ हे वाक्प्रचारही त्याच वस्त्राच्या टोकाशी बांधलेले आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय ही घरखर्चाची वही आहे. ती कशी लिहितात, तिची परिभाषा कोठून आली आणि कोणती रक्कम तिच्यात लिहिली जात नाही, हे मुख्यतः जबलपूरच्या मराठी घरांच्या संदर्भात पाहावयाचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाने हिशेबाच्या वहीत डोके घालावे की काय, असा प्रश्न कोणी विचारील. पण पत्रे, रोजनिशा, बखरी आणि कैफियती आपण वाङ्मयेतिहासाची सामग्री म्हणून वाचतच आलो आहोत. घरखर्चाची वही हीही एक रोजनिशीच आहे. भेद इतकाच की तिच्यात विशेषणे नसतात.

प्रथम परिभाषा. हिशेब, जमा, खर्च, बाकी, तपशील, तारीज, रोजकीर्द हे सर्व शब्द अरबी-फारसी दप्तरातून मराठीत आले. शिवकालात रघुनाथ नारायण हणमंते यांच्या राज्यव्यवहारकोशाने राजकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचविले. तरी ‘जमा’ आणि ‘खर्च’ ह्यांना कोणी हलवू शकले नाही. पेशवेकालीन दप्तरात हिशेबाची एक पायरीबद्ध रचना दिसते. ‘रोजकीर्द’ म्हणजे त्या त्या दिवशी आलेल्या आणि गेलेल्या रकमांची घडेल त्या क्रमाने केलेली नोंद. ‘खतावणी’ म्हणजे त्याच नोंदी उचलून खात्यांनुसार लावणे. ‘तारीज’ म्हणजे खात्यांचा गोषवारा. ‘ताळेबंद’ म्हणजे वर्षाअखेर सर्व जमा, सर्व खर्च आणि शिल्लक ह्यांचा मेळ. पुढील वर्षाच्या उत्पन्नाचा व खर्चाचा अदमास बांधणारा ‘बेहडा’ हा कागद निराळा असे. ‘बजेट’ ह्या शब्दाला खऱ्या अर्थाने समांतर असा जुना मराठी शब्द हाच. तो लुप्त व्हावा आणि ‘अंदाजपत्रक’ नव्याने घडवावे लागावे, ह्याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

ह्या दप्तरी लेखनाचा एक विशेष वाङ्मयाच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात घ्यावा. एकूण रक्कम बहुधा आधी मांडलेली असते आणि ‘बितपशील’ म्हणून तिची फोड पुढे येते. फोडीच्या आत पुन्हा ‘पैकी’ म्हणून लहान फोड येते. आजच्या दुकानाच्या पावतीत आधी वस्तू आणि शेवटी बेरीज असते; येथे क्रम उलट आहे. खर्चाकडे पाहण्याच्या ह्या दोन दृष्टी आहेत. पावतीची दृष्टी घडून गेलेल्याची बेरीज करते. ‘पैकी’ची दृष्टी हाती असलेल्या रकमेची वाटणी करते. घरखर्चाची जी म्हणून पद्धत यशस्वी होते, ती ह्या दुसऱ्या दृष्टीवरच उभी असते, असे माझे मत आहे.

ही पद्धत जबलपूरला कशी पोचली हे थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याची राजसत्ता संपुष्टात येऊन हा मुलूख सागरच्या मराठी अंमलाखाली गेला. १७९८ मध्ये पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांकडे सोपविला. आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. १८७० मध्ये मुंबईकडून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली अशा दोन्ही लोहमार्गांची गाठ येथेच पडली. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्याच्या वाटेला लागले आणि मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. दप्तर, रेल्वे, कारखाना, न्यायालय ह्यांपैकी प्रत्येकाने लेखणीवर पोट भरणारी मराठी कुटुंबे येथे आणली. गोलबाजार, राइट टाउन, नेपिअर टाउन ह्या वस्त्यांतील मराठी घर हे प्रायः मासिक पगाराचे घर आहे, आणि मासिक पगाराच्या घरालाच वही लागते. शेतकऱ्याचा हिशेब सुगीचा, मजुराचा आठवड्याचा किंवा दिवसाचा.

अशा घरांतील जुन्या वह्या चाळताना भाषेची एक गंमत आढळते. बाजार हिंदी, स्वयंपाकघर मराठी, आणि वही ह्या दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर. दुकानदार ‘राहर’ देतो, वहीत ‘तूरडाळ’ जमा होते. ‘प्याज’चा कांदा होतो, ‘आलू’चा बटाटा होतो. परंतु जी वस्तू ह्या गावातच प्रथम भेटली ती आपले नाव घेऊनच वहीत शिरते, आणि ‘खोवा’, ‘सिंघाडा’ हे शब्द मराठी अक्षरांत सुखाने नांदतात. दूधवाल्याशी, भाजीवालीशी झालेला व्यवहार हिंदी शब्दांत आणि सणावाराचा, देवाधर्माचा खर्च कटाक्षाने मराठीत, अशीही वाटणी काही ठिकाणी दिसते. भाषासंपर्काच्या अभ्यासकांनी मुलाखतींवर जेवढी भिस्त ठेवली तेवढी ह्या वह्यांवर ठेवली नाही, हे योग्य झाले नाही. मुलाखतीत माणूस आपली भाषा सांभाळून बोलतो. भाजीचा हिशेब लिहिताना कोणी भाषा सांभाळीत नाही.

म्हणींतही असाच सूक्ष्म भेद आहे. मराठी माणूस अंथरूण पाहून पाय पसरतो. हिंदी भाषक चादर पाहून. एकाची मर्यादा अंगाखाली आहे, दुसऱ्याची अंगावर. मराठीत पाय बाहेर गेले तर जमिनीवर टेकतात, हिंदीत उघडे पडतात. ह्यावर फार मोठा सिद्धांत उभारण्याचे कारण नाही.

आता ह्या वह्यांतील सर्वांत कठीण पृष्ठांकडे वळू. ती १९५७ ते १९६० च्या सुमाराची आहेत. जुनी व्यवस्था सोळाची होती : रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै, आणि इकडे शेराच्या १६ छटाका. दोन्हीकडे १६ असल्यामुळे गृहिणीस एक अत्यंत सोयीची युक्ती सापडलेली होती. एक शेर जितक्या रुपयांना, एक छटाक तितक्याच आण्यांना. तूप ५ रुपये शेर असेल तर छटाकभर तूप ५ आण्यांचे. गुणाकार-भागाकाराचे कामच नाही. शाळेत पाठ केलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ह्याच जगातल्या. लिहिण्याची खूणही त्याला साजेशी : रुपयांच्या आकड्यापुढे एक उभा दंड म्हणजे चार आणे, दोन दंड म्हणजे आठ, आणि आडव्या रेघा म्हणजे सुटे आणे. पाच रुपये दहा आणे लिहावयाचे तर पाचाच्या पुढे दोन उभे दंड आणि दोन आडव्या रेघा. ज्यास ही खूण ठाऊक नाही तो अभ्यासक त्या दंडांना विरामचिन्हे समजून पुढे जातो.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. वजने मात्र एकदम बदलली नाहीत. १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने दशमान झाली आणि किलोग्रॅम सर्वत्र रूढ होण्यास १९६० च्या दशकाचा प्रारंभ उजाडला. मधल्या काळात रुपया शंभराचा आणि शेर सोळाचा अशी विजोड जोडी घरात नांदत होती. ५ रुपये शेर तुपाची छटाक आता ३१ नवे पैसे आणि वर एक पाव पैसा. आण्याचे रूपांतरही सरळ नव्हते. ४ आण्यांचे २५ नवे पैसे होत, पण २ आण्यांचे १२ आणि ३ आण्यांचे १९ धरावे लागत. १ आण्याचे ६. एक आण्याची कोथिंबीर चार वेळा घेतली तर २४ पैसे, आणि एकदम चार आण्यांची घेतली तर २५. ह्या काळातील पानांवर समासात जी बारीक आकडेमोड दिसते ती चुकांची खूण नव्हे. दोन गणिते एकाच वेळी चालविणाऱ्या व्यक्तीचे ते कष्ट आहेत. पुढे किलोग्रॅम आल्यावर दहाव्या भागाची नवी सोय झाली आणि पावकी-निमकी शाळेतूनही गेल्या. ‘नवे’ हे विशेषण १९६४ मध्ये गळाले.

भावांची तुलना करू इच्छिणाऱ्यांसाठी एक सावधगिरी येथेच नोंदवितो. शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणून १९५५ च्या वहीतील ‘१ रुपया शेर’ हा भाव १९६५ च्या वहीतील ‘१ रुपया किलो’ ह्या भावाहून सुमारे सात टक्क्यांनी महाग आहे. आकडा तोच दिसतो म्हणून भाव स्थिर राहिला असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होईल.

पद्धतीचा विचार करताना आरंभ वात्स्यायनापासून करावा लागतो, हे ऐकून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. कामसूत्राच्या भार्याधिकारिक ह्या चौथ्या अधिकरणात गृहिणीच्या कर्तव्यांत असे सांगितले आहे की तिने वर्षाच्या उत्पन्नाची गणना करावी, त्यास अनुरूप खर्च ठेवावा आणि रोजच्या आयव्ययाचा एकत्र मेळ घालावा. पती अतिव्यय करू लागला तर त्यास एकांतात समजावावे, असेही तेथे आहे. ह्यात काळाच्या दोन मापांची जोडी आहे : उत्पन्न वर्षाचे मोजावयाचे आणि हिशेब दिवसाचा ठेवावयाचा. महिना तेथे नाही. महिना ही पगाराची देणगी आहे, आणि पगारदार घरांच्या बहुतेक अडचणी ह्या महिन्यातूनच जन्म पावतात. कारण पगार महिन्याचा असला तरी खर्च महिन्याचा नसतो. वैशाखात वर्षाचे गहू भरावयाचे, जूनमध्ये शाळा, आश्विनात दिवाळी, मार्चमध्ये विम्याचा हप्ता.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वर्षाचे गहू ९० रुपये, दिवाळी ६०, शाळा ४०, विमा ५०, एकूण २४०. बाराने भागले की महिना २० रुपये वेगळे ठेवावयाचे. इतपत सर्वांस कळते. परंतु हा निधी कोणत्या महिन्यात सुरू करावा, ह्याकडे लक्ष दिले जात नाही आणि तेथेच योजना फसते. जानेवारीत आरंभ केला तर मार्चअखेर ६० जमतात, विम्यास ५० जातात, १० उरतात. मे महिन्यात ते ५० होतात आणि गव्हास ९० लागतात. म्हणजे ४० रुपयांचे कर्ज. तोच निधी जुलैत सुरू करा. ऑक्टोबरअखेर ८० होतात, दिवाळीस ६० देऊन २० उरतात. मार्चमध्ये १२० होतात, विमा देऊन ७०. मे महिन्यात ११०, गहू भरून २०. जूनमध्ये ४०, आणि शाळेचे ४० देऊन निधी बरोबर शून्यावर येतो. रक्कम तीच, खर्च तोच. फरक केवळ आरंभाच्या महिन्याचा. सर्वांत मोठ्या खर्चांचा जोड संपला की लगेच पुढल्या महिन्यात निधी उघडावा, असा ह्याचा नियम. जुन्या माणसांनी हा नियम शब्दांत मांडलेला नसेल. ‘बेगमी’ ह्या शब्दात तो होता.

साधनांविषयी फार लिहावयास नको, ती सर्वपरिचित आहेत. पगार झाला की त्याच रात्री पाकिटांत रकमा घालावयाच्या : भाडे, किराणा, दूध, शाळा, औषध. कोठे पाकिटांऐवजी डबे असतात. पाकिटाचे सामर्थ्य गणितात नाही. ते ‘पैकी’त आहे. दुधाच्या पाकिटातील नोट भाजीला वापरताना हात अडखळतो, आणि तो अडखळावा एवढ्यासाठीच ते पाकीट. किराणा दुकानावरील मासिक खाते हे नेमके उलट साधन आहे : तेथे हात अडखळत नाही, आणि महिनाअखेरीस दुकानदाराची वही आणि घरची वही ह्यांचा मेळ घालावा लागतो. ज्या घरात स्वतःची वही नसे त्या घराचा इतिहास दुकानदाराच्या वहीत लिहिलेला असे. टपाल खात्याची बचत बँक १८८२ पासूनची; तिचे पुस्तक ही कित्येक घरांतील पहिली छापील हिशेबवही. भिशीचे शास्त्र तर मोठे मनोरंजक आहे. बारा जणींनी महिना ५०० रुपये घातले की दर महिन्यास एकीस ६,००० मिळतात. जिला पहिल्या महिन्यात मिळाले तिच्यासाठी ते बिनव्याजी कर्ज, जिला शेवटच्या महिन्यात मिळाले तिच्यासाठी ती बिनव्याजी बचत. एकाच वर्तुळात अर्ध्या धनको, अर्ध्या ऋणको, आणि दस्तऐवज कोणताच नाही. मराठीत हिला ‘भिशी’ म्हणतात, जबलपूरच्या हिंदीत ‘बीसी’. त्या शब्दाच्या व्युत्पत्तीवर बोलण्याचा मोह मी येथे आवरतो.

भारतीय वाङ्मयात हिशेब येतो तो मात्र बहुधा ओलांडण्यासाठी. एकनाथांची आख्यायिका प्रसिद्ध आहे : देवगिरीवर जनार्दनस्वामींचा हिशेब लिहिताना एका पैची चूक रात्रभर शोधून ती सापडल्यावर नाथांनी आनंदाने टाळी वाजविली, आणि ही एकाग्रता ईश्वराकडे लागली तर काय होईल, असे गुरूंनी म्हटले. गुरू नानकांविषयीची जनमसाखीतील कथा सुलतानपूरच्या मोदीखान्यातील : धान्य मापताना ‘तेरा’ ह्या आकड्यापाशी येऊन ते ‘तेरा, तेरा’ म्हणत राहिले, कारण त्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘तुझेच’. गुजरातेत नरसी मेहतांची हुंडी स्वतः भगवंताने वटविली. तिन्ही कथांत हिशेबाची परिभाषा भक्तीच्या कामी येते. पण एकनाथांच्या कथेत एक वेगळेपण आहे. नानकांच्या कथेत मोजणी थांबते, नरसींच्या कथेत ती ईश्वर पुरी करतो. एकनाथांच्या कथेत मात्र हिशेब आधी बरोबर जुळवावा लागतो. दप्तराच्या प्रदेशातील भक्तीने पै सोडली नाही. ह्या पंक्तीत बनारसीदासाचे अर्धकथानक बसत नाही. १६४१ मध्ये लिहिलेल्या ह्या आत्मकथनात जैन व्यापाऱ्याचे नफे-तोटे कोणत्याही रूपकाविना, जसेच्या तसे येतात, आणि म्हणूनच ते आज इतके जवळचे वाटते.

ह्या सर्व कथांत स्त्री नाही. घरखर्चाच्या वहीत ती सर्वत्र आहे, पण एका विशिष्ट प्रकारे. मनुस्मृतीही धनाचा संग्रह आणि व्यय ह्यांवर पत्नीची नेमणूक करावी असे सांगते; नेमणूक म्हणजे अधिकार, मालकी नव्हे. वहीची जमेची बाजू पुरुषाच्या पगाराने सुरू होते, खर्चाची बाजू स्त्रीच्या हाताने भरते, आणि महिनाअखेर ‘शिल्लक’ ह्या शब्दापाशी दोघांची गाठ पडते. शिल्लक कोणाची?

ह्या प्रश्नाचे उत्तर वहीतील ‘किरकोळ’ ह्या खात्यात शोधावे लागते. खतावणीच्या दृष्टीने किरकोळ म्हणजे ज्यांना स्वतंत्र खाते उघडण्याइतके महत्त्व नाही अशा रकमा. पण बऱ्याच वह्यांत हे खाते महिन्यामागून महिना जवळजवळ एकाच आकड्याचे असते. खरोखरीच्या किरकोळ खर्चाला असा नेमस्तपणा नसतो. जो आकडा हलत नाही तो खर्च नसून बचत आहे, असे मानण्यास जागा आहे. ती तांदळाच्या डब्यात, गादीखाली, देव्हाऱ्यामागे गेलेली असते. वही नवऱ्यासमोर वाचली जाणार हे ठाऊक असणाऱ्या लेखिकेने आपल्या संहितेत ठेवलेली ही एक बंद खोली आहे. तिला लबाडी म्हणणे सोपे आहे. इंग्लंडच्या न्यायालयाने १९४३ मध्ये ब्लॅकवेल दांपत्याच्या दाव्यात असा निर्णय दिला की घरखर्चाच्या रकमेतून पत्नीने काटकसरीने वाचविलेले पैसे पतीचेच होत. हा नियम तेथे १९६४ च्या कायद्याने बदलून अशा बचतीत दोघांचा समान वाटा मानला गेला. म्हणजे १९४३ ते १९६४ ह्या काळात इंग्लंडात ज्या गृहिणीने आपली शिल्लक प्रामाणिकपणे ‘शिल्लक’ म्हणून लिहिली तिने ती गमावली, आणि जिने ती ‘किरकोळ’ म्हणून लिहिली तिच्या हाती ती राहिली असेल.

आपल्याकडे ही बंद खोली ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री एकदम उघडली गेली. ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या आणि डब्यांतील पैसे बँकेत न्यावे लागले. त्याआधी ते घरात सांगावे लागले. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाही, असे शासनाने सांगितले होते. तरीही मध्य प्रदेशातीलच ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने भरलेले २,११,५०० रुपये आयकर अधिकाऱ्याने अस्पष्टीकृत धन ठरविले. पती, मुलगा आणि नातलग ह्यांनी वेळोवेळी दिलेल्या रकमांतून ही बचत झाली, असे तिचे म्हणणे होते. २०२१ मध्ये आयकर अपील अधिकरणाच्या आग्रा पीठाने ते मान्य केले, आणि कुटुंबाचा अर्थव्यवहार सांभाळणाऱ्या गृहिणीच्या कामाचे मोल निर्णयात नोंदविले. वाङ्मयाच्या अभ्यासकाने हा निर्णय वाचावा असे मला वाटते. जिची सारी कर्तबगारी नोंद न ठेवण्यात होती, तिच्याकडे पुढे नोंद मागितली गेली.

घराची वही राज्यही वाचीत आले आहे, आणि तेथेही रकमेपेक्षा वर्गवारी महत्त्वाची. १८५७ मध्ये जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने कुटुंबांच्या हिशेबांवरून दाखविले की उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो. मुंबईच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. आज औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी ज्या केंद्रांतील भाव टिपले जातात त्यांत जबलपूर आहे, आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता त्या अखिल भारतीय निर्देशांकावर ठरतो. ह्या निर्देशांकात अन्नाचा भार २००१ च्या मालिकेत सुमारे ४६ टक्के होता, २०१६ च्या मालिकेत तो सुमारे ३९ टक्के झाला. ज्या घराच्या वहीत किराण्याचे खाते अजूनही अर्धे पान व्यापते, त्या घराला अन्न महागले असताना आपला भत्ता अपुरा का वाटतो, ह्याचे एक कारण ह्या भारांत आहे.

अलीकडे वहीची जागा फोनने घेतली आहे. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने प्रत्येक लहान व्यवहाराची नोंद आपोआप होऊ लागली, आणि कित्येकांस वाटते की आता हिशेब लिहिण्याचे कारण उरले नाही. ही समजूत मला बरोबर वाटत नाही. फोनमध्ये रोजकीर्द होते. खतावणी होत नाही. पैसे कोणास गेले हे कळते, कशासाठी गेले हे कळत नाही : दुकानदाराचे नाव मिळते, तूरडाळ मिळत नाही. खर्चाची वर्गवारी करणारी उपयोजने आहेत, पण त्यांतील खाती कोणीतरी दुसऱ्याने पाडलेली असतात. ‘करमणूक’ हे खाते त्यांत असते, ‘बेगमी’ नसते, ‘हळदीकुंकू’ नसते. शिवाय पगाराचे खाते ज्याच्या फोनला जोडलेले त्याला प्रत्येक व्यवहाराची सूचना येते. ‘किरकोळ’ची बंद खोली ह्या घरात बांधता येत नाही. हा लाभ की हानी, हे त्या त्या घराच्या स्वभावावर अवलंबून राहील. वहीच्या इतिहासात मात्र हा बदल १९५७ च्या बदलाहून मोठा आहे.

ज्यांना ह्या सामग्रीचा शोध घ्यावयाचा आहे त्यांनी केवळ वह्याच मागू नयेत. वह्या रद्दीत जातात, आणि मोडीतल्या वह्या तर वाचता येत नाहीत म्हणून आधी जातात. जबलपूरच्या मराठी घरात भिंतीवर बहुधा दोन कॅलेंडरे असतात, १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ आणि ह्याच शहरात छापले जाणारे लाला रामस्वरूप रामनारायण यांचे पंचांग. एकादशी आणि चतुर्थी एकावर पाहावयाची, दुधाचा हिशेब दुसऱ्याच्या चौकोनांत लिहावयाचा : एक लिटर, दीड, नागा. वर्ष संपले की ह्या जाड कागदाची मुलांच्या पुस्तकांना वेष्टणे होत असत. एखाद्या घरात जुने पाठ्यपुस्तक सापडले तर त्याचे वेष्टण काढून उलट बाजूने पाहावे.